खिळ्याला टांगलेली माळ

डोंबिवली
१४ जानेवारी २०२४

तीर्थरूप दादूस,

पाया पडते. उद्या संक्रांत. पाकिटात तिळगूळ घातला असता तर पोस्टातल्या मुंग्यांची चैन झाली असती, म्हणून नुसतंच गोड बोलते.

परवा फोन केला होता. तू तिकडून ‘कोण बोलतंय, कोण बोलतंय’ ओरडत राहिलास आणि मी इकडून ‘आवडा, आवडा’. शेवटी सूनबाई म्हणाली, आई, खाली वॉचमनला ऐकू गेलं, मामांना काही गेलं नाही. वागळे इस्टेटच्या कारखान्यातल्या त्या प्रेस शॉपने तुझे कान खाल्ले, आता ते कान माझा घसाही खायला निघालेत. म्हणून पत्र. माझं चौथीपर्यंतचं अक्षर आहे, चष्मा पुसून वाच.

काम असं की माघात आमच्या गावचा सप्ताह आहे आणि द्वादशीला काला. तू ये. मी वाट बघते हे तर आहेच, पण या वेळी भावोजी तुझी वाट बघतायत. माझे थोरले दीर, काळुराम. नाव वाचून पत्र फाडू नकोस, पुढे वाच. रोज सकाळी आंघोळ करून, टिळा लावून माझ्या दारात येऊन उभे राहतात. “बाय, आनंदा आला का?” मी नाही म्हणते, ते मान हलवून जातात. दुसऱ्या दिवशी परत तेच.

दौलतला मी विसरले असेन असं तुला वाटतं का रे? माझ्या पाठचा भाऊ तो, माझ्या कडेवर वाढला. ज्या बांधावर फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात बसला तो बांध आईच्या खाजणाचा, खाडीकाठच्या भातजमिनीचा, आणि आईनेच मला आपल्या माहेरच्या या गावात दिलेली. दांडा उचलला तो हात माझ्या सासरचा. मी कुठे जायचं होतं? भावोजी तुरुंगात गेले, शिक्षा भोगून आले, आल्यावर माळ घातली. तुमचा खाजणाचा दावा मात्र अजून कोर्टात चालूच. एकमेकांच्या लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही. आमचे हे गेले तेव्हा तू स्मशानात आलास, लांब झाडाखाली उभा राहिलास आणि अग्नी दिल्यावर तिथूनच परत गेलास. माझ्या घराची पायरी तेव्हाही चढला नाहीस. हे मी कुणाला बोलले नाही, आज तुलाच लिहिते.

केण्यांच्या आत्याबरोबर सुकट आणि बोंबील पाठवलेत. माळ काढून ठेवलीच आहेस एवढी वर्षं, तर निदान पोटभर खा. माळ होती तेव्हा नुसता वास आला तरी नाक दाबून अंगणात पळायचास, आठवतं?

वहिनीला नमस्कार. नक्की ये.

तुझी
आवडा


माजिवडा, ठाणे
२७ जानेवारी २०२४

चि. आवडीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. आमच्याच शेतावर हा टॉवर उभा, आणि पोस्टमनने ते गेटवर दिलं, गेटवरच्याने दुसऱ्या विंगमध्ये दिलं, तिथल्या बाईंनी लिफ्टमध्ये हर्षितच्या हातात दिलं. असो. बोंबील पोचले.

मी येणार नाही.

तू भोळी आहेस की तुला कोणी भोळी करून ठेवली आहे, मला कळत नाही. मागच्या महिन्यात तुझ्या भावोजींचा मुलगा, तो कमलेश, आपल्या हर्षितला खोपटच्या एसटी स्टँडजवळ भेटला. ओढून चहाला नेलं. म्हणाला, “भाई, बिल्डर थांबलाय. तुझ्या पप्पांनी दाव्यातून नाव काढलं ना, तर दोन्ही घरांचा मॅटर क्लोज.” त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझं पत्र. वाट बघतायत म्हणे! माझी वाट बघतायत की माझ्या सहीची?

बांधातल्या पाण्याच्या दाराची फळी भर भरतीच्या वेळी कोणी काढली, खारं पाणी कोणाच्या भातात शिरलं, हे आता कोणाला आठवतं? भातही राहिलं नाही. पण दौलत हॉस्पिटलात डोळे न उघडता पडून होता ते मला आठवतं. लग्न ठरलेला पोरगा. आईने त्याच्या हळदीसाठी आणलेला टॉवेल त्याच्या डोक्याखाली घातला होता. आई त्यानंतर कधी तुझ्या गावाचं नाव तोंडातून काढू शकली नाही, आणि ते तर तिचं माहेर होतं.

काळुरामने शिक्षा भोगली म्हणतेस. ती सरकारची शिक्षा होती, सरकारला पोचली. माळ घातली म्हणतेस. देव त्याला क्षमा करत असेल तर करू दे. देवाचा भाऊ मेला नव्हता.

सप्ताहात माझ्या नावाने एक नारळ ठेव. माणसांसाठी माझा काही निरोप नाही.

आनंदा


डोंबिवली
२० मे २०२४

दादूस,

तुला पत्र लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं. भावाच्या सहीसाठी बहीण भावाला बोलावते, असं तू शाईने लिहिलंस. कमलेश कुणाबरोबर कुठे चहा प्यायला ते मला ठाऊक नव्हतं. विचारलं तेव्हा तो मोबाइल घेऊन बाहेर गेला, म्हणजे खरं असणार. पण त्याच्या बापाचं विचारणं आणि त्याची ती सही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दादूस. तू त्या एकत्र कालवल्यास.

नारळ ठेवला. काल्याच्या दिवशी मांडवात भावोजी ज्याच्या गळ्यात माळ दिसेल त्याच्या पाया पडत सुटले. एकेकाच्या तीन तीनदा. पोरं हसायला लागली, महाराजही हसले. मला हसू आलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या आठवड्यात घोडबंदर रोडला आत्याच्या नातीच्या लग्नात वहिनी भेटली. सगळ्यांच्या देखत काय बोलणार, म्हणून हात धुवायच्या जागी दोघी उभ्या राहिलो. मी म्हटलं, वहिनी, या वर्षी बोंबील जरा कडक होते ना? ती हसली. म्हणाली, “अगो, ते खातान कुठं? सगला शेजारच्या गुप्तेबायना देते मी.” मला वाटलं तुझं पोट बिघडलंय. तर म्हणाली, बिघडलंय कसलं, माळ काढली त्या दिवसापासून आजपर्यंत मासळीला हात लावला नाही. एकादशी चुकवली नाही. हरिपाठही रोज म्हणतात, पण दार लावून, चोरासारखे.

दादूस, मी तिथेच खुर्चीवर बसले. सगळ्या गावाने तुला नावं ठेवली, आनंदाला जिभेने खाल्लं म्हणून. मीही चिडवलं, दर वर्षी बोंबील बांधून पाठवून चिडवलं. तू एकदाही म्हणाला नाहीस की मी खात नाही.

मासळीसाठी काढली नाहीस, मग माळ काढलीस कशासाठी? हे मला तुझ्याकडून पाहिजे. वहिनीला ठाऊक नाही, मी विचारलं.

आवडा


माजिवडा
९ जून २०२४

चि. आवडी,

तुझ्या वहिनीच्या पोटात काही राहत नाही. गुप्ते मंडळी तुझ्या सुकटीवर जीव टाकतात, तेव्हा ती पाठवणं बंद करू नकोस, त्यांचा काही दोष नाही.

विचारलंस म्हणून सांगतो. यात लपवण्यासारखं काही नाही, मला त्याची लाजही नाही.

कल्याणला सप्ताह होता, काळुराम सुटून आल्यानंतरचा. माझे कान तेव्हा धड होते, मी पखवाजाला बसलो होतो. कीर्तन संपलं आणि माळकरी एकमेकांच्या पाया पडू लागले. हा आमचा नियम तुला माहीत आहे. समोर माळकरी आला की वाकायचं, आणि तो वाकला की आपणही वाकायचं. लहानमोठा बघायचा नाही, जात बघायची नाही, वैर बघायचं नाही. माझ्यापुढे एक डोकं वाकलं. मी सवयीने वाकणार, एवढ्यात त्याने मान वर केली. काळुराम. दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवून मला म्हणाला, “माऊली.” डोळे भरलेले होते त्याचे, ते मी पाहिलं, नाही म्हणत नाही.

मी पाय मागे घेतले. पखवाज उचलला आणि मांडवाबाहेर चालू पडलो. तो तसाच जमिनीवर हात टेकून राहिला, असं मागून लोकांनी सांगितलं.

घरी आलो, माळ काढली आणि विठोबाच्या फोटोच्या खिळ्याला टांगली. गळ्यात ठेवली असती तर आज ना उद्या त्याच्यापुढे वाकावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्याने होणार नव्हतं. खोटा माळकरी होण्यापेक्षा बिनमाळेचा बरा. गाव म्हणालं, आनंदाला बोंबील सुटले नाहीत. म्हणू दिलं. दौलतचं नाव चारचौघांत चघळलं जाण्यापेक्षा बोंबलांचं गेलेलं चालेल. आणि मासळी सोडली होती ती देवासाठी. काळुराममुळे ती परत धरायचं मला कारण नव्हतं.

आता तूच मध्ये पडली आहेस तर माझीही एक अट ऐक. कोर्टात त्याने शेवटपर्यंत गुन्हा कबूल केला नाही. मला त्याच्या हातची एक ओळ पाहिजे. ‘दौलतला मी मारलं, माझं चुकलं.’ एवढंच. पाया पडणं सोपं असतं, डोकं खाली घातलं की तोंड दिसत नाही. ओळ लिहू दे. ती मिळाली की मी येतो, काला असो वा नसो.

आनंदा


डोंबिवली
२ जुलै २०२४

दादूस,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि रडले. एवढं सगळं एकट्याने उराशी धरून बसलास.

त्यांच्याकडून लिहून होणार नाही. का, ते विचारू नको. अट सोड आणि ये. आता माणकोलीचा पूल झालाय, माजिवड्याहून रिक्षात बसलास तर चहा निवायच्या आत माझ्या दारात. पूर्वी कल्याणवरून वळसा घालायला लागायचा, आता तेही कारण उरलं नाही. माघाची वाट बघू नकोस. या आठवड्यातच ये, दादूस. हात जोडते.

आवडा


माजिवडा
६ नोव्हेंबर २०२४

चि. आवडी,

यंदाही भाऊबीज गेली. हर्षित तुला ओवाळणी देऊन आला. तुझ्या हातच्या करंज्या मिळाल्या.

‘त्यांच्याकडून लिहून होणार नाही.’ ही तुझी ओळ मी चार महिने चघळतोय. म्हणजे अजून ताठा आहे. चारचौघांत वाकायला तयार, पण कागदावर कबूल व्हायला नाही. माझं तेव्हाही हेच म्हणणं होतं. तुला उत्तर लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

पण मधे एक झालं, ते तुला कळवू नका असं मीच घरात सांगितलं होतं. गणपतीच्या आधी माझ्या छातीत दुखलं. हॉस्पिटलात नेलं. आता बरा आहे, घाबरू नकोस. ऑपरेशनला नेताना नर्सने अंगावरचं सगळं काढून घेतलं, अंगठी, करदोडा, चष्मा. मग माझ्या गळ्याशी हात घालून कानात ओरडली, “आजोबा, माळबिळ काही नाही ना?” मी नाही म्हटलं. ती पुढच्या कामाला लागली. मला त्या खाटेवर इतकं उघडं उघडं वाटलं, आवडे, तुला काय सांगू. आयुष्यभर हरिनाम घेतलं आणि जायच्या वेळी गळ्यात काही नाही. काळुरामने दौलत नेला आणि माझी माळही नेली, असं मनात आलं. मग वाटलं, माळ त्याने कुठे नेली, ती तर मीच काढली.

घरी आल्यावर खिळ्याकडे बघत बसतो. मणी काळे पडलेत.

तर मी ठरवलंय. या माघात काल्याला येईन. काळुरामसाठी नव्हे, हे स्पष्ट लिहितो, माझ्या माळेसाठी. तो समोर येईल, मी नियमाप्रमाणे वाकेन, तो वाकेल, मग महाराजांच्या हातून माळ घालीन. दौलतबद्दल जे बोलायचं ते मी त्याला तोंडावर बोलेन, तेही एकदाच. ओळीची अट सोडली.

दाव्यातून नाव काढायचं की नाही ते हर्षित बघेल. त्या दाव्याचा माझ्या येण्याशी काही संबंध नाही, कमलेशला सांग.

आनंदा


डोंबिवली
१८ जानेवारी २०२५

माझ्या दादूस,

तुझ्या छातीचं वाचून आधी देवापुढे दिवा लावला, मग तुला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. आजारपण बहिणीपासून लपवतोस? लपवायचा तुमचा खानदानी रोग आहे.

द्वादशी रविवारी येते, नऊ फेब्रुवारीला. मी बोंबील आणणार नाही, शपथ. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तुला आवडतं तसं गूळ घातलेलं भोपळ्याचं भरीत. घर रंगवून घेतलं. सूनबाई विचारते, कुणाचं लग्न आहे? म्हटलं, माझ्या माहेरचं माणूस येतंय. चाळीशीत होते तेव्हापासून हे वाक्य बोलायचं राहिलं होतं.

भावोजींना सांगितलं, आनंदा येणार. लहान पोरासारखे हसले. त्यांच्याबद्दल तुला थोडं सांगायचं आहे, पण पत्रात नको. आलास की आधी माझ्याकडे ये, मग मांडवात जा. विसरू नको.

आवडा


माजिवडा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. आवडी,

सुखरूप पोचलो. त्या दिवशी तुझ्याशी धड बोललो नाही, जेवताना मान वर केली नाही. तुझं भरीत चांगलं झालं होतं. तू चुलीपाशी होतीस, मांडवात काय झालं ते तुला लोकांनी त्यांच्या त्यांच्या परीने सांगितलं असेल. माझ्याकडून ऐक.

आधी तुझ्याकडे यायचं तू लिहिलं होतंस. रिक्षा देवळापाशी थांबली, टाळ वाजत असलेले दिसले, मला राहवलं नाही. ही चूक माझी.

माळकरी रांगेत उभे होते. काळुराम एकेकाच्या पाया पडत येत होता. केवढासा झालाय गं तो! बंडीत माणूस नाही, नुसती हाडं. जुनी माळ खिशात घेऊन आलो होतो, ती मुठीत घट्ट धरली. तो माझ्यासमोर आला. माझ्या तोंडाकडे त्याने बघितलंच नाही. गळ्याकडे बघितलं, तिथे माळ नव्हती. तो मला सोडून पुढे गेला आणि माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या कॉलेजातल्या पोराच्या पायांवर त्याने डोकं ठेवलं.

मला वाटलं, मुद्दाम. कल्याणचा वचपा काढला. मी पुढे होऊन त्याचा दंड धरला. तो काही तरी बोलला, मला ऐकू आलं नाही. कमलेश धावत आला आणि माझ्या कानाशी ओरडला, “मामा, ते विचारतात, गळ्यात माळ का नाही?” सगळ्या मांडवाने ऐकलं. मी म्हटलं, “काढून ठेवलीय.” काळुरामने विचारलं, “कशाला?” ते मात्र मला कमलेशशिवाय ऐकू आलं.

मी त्याला काय सांगणार होतो, आवडे? तुझ्यामुळे, असं त्याच्या तोंडावर सांगायला तर मी आलो होतो. पण त्याच्या डोळ्यांत मी नव्हतोच. वाटेत कोणी म्हातारा भेटला आणि आपण चौकशी करतो, तसं विचारत होता. मी खाली वाकलो. डोकं त्याच्या पायांवर टेकलं आणि ठरवून आणलेलं बोललो. “काळुराम, दौलतचं सगळं मी आजपासून सोडलं.” मान वर केली. त्याच्या ओठांवरून मला कळलं काय म्हणाला ते.

“कोन दौलत?”

अंगाची आग झाली माझ्या. उठून त्याचा गळा धरावा असं वाटलं, देवाच्या दारात, खोटं लिहीत नाही. ज्याने मारला त्याला नावही आठवत नाही, आणि मी इतकी वर्षं रोज एक मरण उराशी घेऊन झोपतोय. आता दौलत फक्त माझा आणि तुझा उरला. मी तिथून निघूनच जाणार होतो, पुन्हा एकदा. पण गुडघे माझे, ते उठू देईनात. तर त्याने वाकून माझ्या काखेत हात घातला आणि मला उभं केलं. त्याच हाताने. मी त्याचा हात झिडकारला नाही, एवढंच मला त्या दिवसाचं बरं वाटतं.

महाराजांनी माळ घातली. मणी गळ्याला थंड लागले. लगेच काळुरामचं लक्ष गेलं, तोंडभर हसला, “माऊली” म्हणाला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मीही ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तरी मोबाइलवर फोटो काढले. पण तो माझ्या पाया पडला नाही गं, माळेच्या पाया पडला. आनंदाच्या पाया तो कल्याणला पडला होता, रडत, सगळं आठवत असताना. ते मी घेतलं नाही. मागच्या वर्षी तू बोलावलंस, तेव्हाही कदाचित थोडं शिल्लक असेल. मी त्यात सही शोधत बसलो. मी त्याच्याकडून एक ओळ मागत होतो आणि त्याचं सगळंच पुसत चाललं होतं.

तू मला सांगायला हवं होतंस.

आनंदा


डोंबिवली
१७ फेब्रुवारी २०२५

दादूस,

सांगायला हवं होतं, बरोबर आहे तुझं. दोन वर्षं झाली त्यांना असं होऊन. आधी चष्मा विसरायचे, मग घराची वाट, मग नातवंडांची नावं. तुझी अट आली तेव्हा मी खरंच कागद घेऊन बसले होते त्यांच्यासमोर. पेन हातात धरून “काय लिवू?” म्हणाले, आणि नुसतं विठ्ठल विठ्ठल लिहीत राहिले, कागद संपेपर्यंत. तो कागद तुला काय म्हणून पाठवू?

आणि विसरतात असं तुला लिहिलं असतं, तर तू म्हणाला असतास, त्याने विसरलंच आहे तर मी कशाला येऊ. मी तुला ओळखते. मला तू यायला पाहिजे होतास, दादूस. त्यांच्यासाठी, तुझ्यासाठी, आणि सगळ्यांत आधी माझ्यासाठी, हे मी आता कबूल करते. तुझे पाय माझ्या घरात लागले, मी त्या दिवशी फरशी पुसू दिली नाही. पण तुला असं उघड्यावर लोकांसमोर कळावं अशी माझी इच्छा नव्हती. त्याचं मला वाईट वाटतं, आणि वाटत राहील.

एक सांगायचं होतं, सांगू की नको असं दोन दिवस चाललंय. परवा सकाळी भावोजी टिळा लावून माझ्या दारात आले. “बाय, आनंदा आला का?” मी म्हटलं, अहो, आला होता, रविवारी, तुम्ही एकमेकांच्या पाया पडलात. फोटो दाखवला मोबाइलमधला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “खोटा नको बोलूस, बाय. त्यो माझ्याकरं कशाला येल?” आणि पायरीवर बसून रडले.

दौलत आठवत नाही, बांध आठवत नाही, तुरुंग आठवत नाही. तू त्यांच्यावर रागावला आहेस, एवढंच कुठे तरी राहून गेलंय. ते काही जात नाही. काल परत आले, आज परत आले. मी काय सांगू त्यांना?

आवडा


माजिवडा
२० फेब्रुवारी २०२५

चि. आवडी,

सोमवारी एकादशी आहे. सकाळी निघतो, उपवासाचं कर. या वेळी आधी तुझ्याकडेच येईन आणि पायरीवर बसेन, त्याची यायची वेळ होईपर्यंत. माळ गळ्यात असेल, म्हणजे ओळखलं नाही तरी मला सोडून पुढे जाणार नाही.

तिथून पुढच्या एकादशीलाही येईन. हर्षितला सांगितलंय, पाय चालतात तोवर दर एकादशीला मला पुलापलीकडे सोडायचं.

तोवर त्याने दारात येऊन विचारलं, तर आला होता असं सांगू नकोस. तो मानणार नाही, आणि त्याने मानावं असं मी वेळेवर काही केलंही नाही. त्याला सांग, आनंदा निघालाय.

आनंदा